एक हात लुळा पडल्यावर पुन्हा खेळायला कसं लागायचं (बीपीआयवाल्यांसाठी सविस्तर)

बाइकवरून पडताना डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला फेकला जातो, त्या झटक्यात मानेतून हातात जाणाऱ्या ५ नसांचा जुडगा ताणतो, फाटतो नाहीतर मणक्यापासूनच उपटून निघतो. ह्यालाच ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी म्हणतात, पेशंट आणि फिजिओ नुसतं बीपीआय म्हणतात. हात जागेवर असतो, बघणाऱ्याला धडधाकट वाटतो, पण उचलत नाही, बोटं हलत नाहीत, बऱ्याच जणांना स्पर्शही कळत नाही. आणि ही दुखापत बहुतेक वेळा तरुण वयात होते, म्हणजे काल-परवापर्यंत टर्फवर खेळणारी, ट्रेकला जाणारी पोरंपोरी अचानक झोळीत हात घालून घरी बसतात आणि घरचे म्हणतात आता खेळबिळ विसर, जीव वाचला हेच खूप.

माझा डावा हात असाच गेलाय, खांद्यापासून बोटांपर्यंत. आज मी बॅडमिंटन खेळते, सायकल चालवते, पळते. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की एका हाताने जमतं कसं. माझं म्हणणं असं की चांगल्या हाताचा विचार नंतर करा, आधी लुळा हात नीट सांभाळायला शिका, मग पाय आणि कंबर तयार करा, आणि खेळाला त्यानंतर हात लावा. हा क्रम चुकला की दुसरी दुखापत ठरलेली, म्हणून खाली त्याच क्रमाने लिहिलंय.

आधी डॉक्टरकडून काय काय विचारून घ्यायचं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. नसेचं ऑपरेशन लागणार असेल तर ते साधारण पहिल्या ३ ते ६ महिन्यांत झालेलं चांगलं, कारण नस रोज जेमतेम १ मिलिमीटर वाढते आणि स्नायूला वर्ष-दीड वर्ष सिग्नल मिळाला नाही तर तो नंतर नीट उत्तर देत नाही. त्यामुळे अजून कोणी "वाट बघू, मालिशने येईल" असं सांगत असेल आणि महिने चालले असतील तर खेळाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी नसांचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा. ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायूंची विजेच्या सिग्नलची तपासणी) आणि एमआरआयचे रिपोर्ट एका फाइलमध्ये नीट ठेवा, ते पुढे स्पर्धेच्या वेळीही लागतात.

ऑपरेशन झालं असेल तर नेमकं काय केलं ते समजून घ्या. बरगड्यांमधल्या नसा घेऊन हाताला जोडल्या असतील तर सुरुवातीला श्वासाचा आणि हाताचा संबंध येतो, जोरात दम लागला की काहींचा दंड आपोआप आखडतो. मानेच्या वरच्या नसांना मार बसला असेल तर श्वासाच्या पडद्याची नसही कमजोर झालेली असू शकते, पोहायला जायच्या आधी हे तपासलेलं असलंच पाहिजे. मांडीचा स्नायू काढून हातात बसवला असेल तर त्या पायाचा व्यायाम कधीपासून करायचा हे वेगळं विचारा. आणि सरळ प्रश्न विचारा: चालणं कधी, पळणं कधी, खांद्यावर पडले तर काय तुटू शकतं. "हळूहळू करा" ह्या उत्तरावर उठून येऊ नका, महिना विचारा.

लुळा हात बांधायला शिका, खरं काम इथे आहे

खांद्याचे स्नायू गेले की अख्ख्या हाताचं वजन नुसत्या सांध्याच्या पिशवीवर लोंबतं. खांदा खोबणीतून खाली उतरतो, बोट घातलं तर वर खळगा लागतो. असा हात मोकळा सोडून पळालात तर प्रत्येक पावलाला तो सांधा ओढला जाणार, शिवाय वापर नसल्याने त्या हाताची हाडंही ठिसूळ होत जातात, साध्या पडण्यानेही मोडू शकतात. म्हणून खेळताना हात अंगाला धरून पाहिजे.

मी कसा बांधते ते सांगते. आधी हातात पातळ कॉटनची स्लीव्ह घालायची, घडी राहू द्यायची नाही. मग कोपर काटकोनात वाकवून पुढचा हात पोटावर आडवा, मनगट कोपरापेक्षा जरासं वर, कारण मनगट खाली राहिलं की पळून येईपर्यंत बोटं सुजून टम्म होतात. त्यावर पाउच स्लिंग (पुढचा हात ठेवायची पिशवीसारखी झोळी), आणि स्लिंगचा पट्टा मानेवरून न घेता पाठीवरून तिरका दुसऱ्या खांद्यावर जाईल असा घ्यायचा, मानेवर घेतला तर संध्याकाळी मान धरते. शेवटी रुंद वेल्क्रोचा पट्टा कोपराच्या वरून छातीभोवती. ह्यात दोन बोटं जायला पाहिजेत. आता पूर्ण छाती भरून श्वास घ्या, अडकल्यासारखं वाटलं तर सैल करा. मग लुळ्या हाताचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख २ सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. पहिल्या काही वेळा १० मिनिटांनी सगळं सोडून कातडी बघायची, लाल वण उठलाय का, पट्टा कुठे काचतोय का. स्पर्श कळत नसलेल्या हाताला फोड आला तरी तुम्हाला समजणार नाही, म्हणून त्वचेचं काम डोळ्यांनी करायची सवय लागलीच पाहिजे. उन्हात हात भाजणं, सायकल टेकवताना बोटं चिमटणं, बाइकच्या सायलेन्सरला हात लागणं, ह्या सगळ्यात तोच नियम.

बायकांसाठी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: पुढून चेन असलेली स्पोर्ट्स ब्रा घ्या, डोक्यातून घालायची एका हाताने जवळपास अशक्य, आणि चेन लावताना खालचं टोक हाताने जुळवून कंबर ओट्याला टेकवून ओढली की लागते. केस बांधायचे क्लचर मोठे घ्या. बुटांना इलॅस्टिक लेस टाका, एकदा बांधले की नुसते पाय सरकवायचे. तयारीला कोणाची मदत लागत नसेल तर माणूस रोज जातो, मदत लागत असेल तर आठवड्यात कंटाळतो, त्यामुळे ह्या बारीक खरेदीला मी बुटांइतकंच महत्त्व देते.

मग पाय आणि कंबर

हात हा अंगाचा तोल सांभाळणारा भाग आहे, तो एका बाजूने गेला की धड त्या बाजूला झुकायला लागतं, चांगला खांदा वर चढतो, पाठीत बाक येतो. आरशासमोर शर्ट काढून किंवा टाइट टीशर्टमध्ये उभं राहा, दिसेलच.

पहिले काही आठवडे रोजचं चालणं आणि जिममधली स्टॅटिक सायकल, हात बांधून. सोबत बैठका, खुर्चीवरून एका पायावर उठणं, पायरीवर चढ-उतार, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), आणि एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, ते जमलं की डोळे मिटून. एका हातात डंबेल किंवा पाण्याचा कॅन धरून सरळ चालणं हा व्यायाम आपल्यासाठी सोन्यासारखा आहे, कारण एका बाजूला वजन असताना धड सरळ ठेवायचं हेच तर आपल्याला आयुष्यभर करायचंय. प्लँक कोपरावर एका बाजूने करू नका सुरुवातीला, पाठीवर झोपून पाय हलवायचे डेड बगसारखे प्रकार करा. लेग प्रेस चालतं, खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट नको. लुळ्या हाताचे सांधे फिजिओने शिकवलेत तसे रोज हलवायचे, ते खेळायला लागलात म्हणून बंद करायचं नाही.

सांगलीच्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी बघा, शाळेत असताना सायकलवरून पडून डावा हात कायमचा अधू झाला, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीच्या एफ४६ गटात (हात अधू असलेल्यांचा गट) १६.३२ मीटर टाकून सिल्व्हर. गोळा हातातून सुटतो पण जोर पायातून निघून कंबरेतून वर येतो. त्यांची ती फेक शोधून फक्त पायांकडे आणि कंबरेकडे लक्ष देऊन बघा, मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

पडायलाही ह्याच काळात शिका. अपघाती पडणं होणारच, आणि लुळ्या बाजूला हात पुढे येणार नाहीये. जाड मॅटवर, कोणीतरी शेजारी असताना, आधी बसलेल्या अवस्थेतून: हनुवटी छातीला, अंग गोळा करून चांगल्या खांद्याच्या मागच्या बाजूने लोळायचं. तळहात ताठ टेकवायचा नाही, कारण चांगलं मनगट मोडलं तर दोन्ही हात गेले, पाणी प्यायलाही माणूस लागेल. ज्युडोचा कोच मिळाला तर उत्तम, ऑपरेशनवाल्यांनी सर्जनची परवानगी मिळाल्यावरच.

पळणं

पळणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी सुरू करता येण्यासारखं. मैदान किंवा ट्रॅक निवडा, फुटपाथ नको. १ मिनिट हळू पळा, २ मिनिटं चाला, असं २० मिनिटं, आठवड्यातून ३ वेळा. एक हात बांधलेला असल्यामुळे धड वळतं आणि एक पाय जास्त आत पडतो, त्यासाठी चांगला हात जास्त झुलवायचा मोह आवरा, तो शरीराच्या मधल्या रेषेच्या पलीकडे जाऊ देऊ नका, पावलं छोटी ठेवा. मोबाइलवर कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा, खांदे एका रेषेत दिसले की वेळ वाढवायची. ज्यांच्या हाताला थोडी ताकद परत आलीये त्यांनीसुद्धा थकल्यावर हात लोंबायला लागतो हे ध्यानात ठेवून पट्टा कमरेला बांधून न्यावा.

सायकल, इथे ब्रेकशिवाय काहीच सुरू करू नका

आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो (तुमची तपासून बघा, काहींना उलटं असतं). म्हणजे ज्याचा फक्त उजवा हात चालतो त्याच्या हातात नुसता पुढचा ब्रेक, तो उतारावर दाबला की माणूस हँडलवरून समोर. दुकानदाराला सांगा एका लिव्हरला दोन केबल बसणारा ब्रेक लिव्हर पाहिजे, एक दाबला की दोन्ही चाकं धरतात. मागची केबल पुढच्यापेक्षा केसभर जास्त ताणलेली ठेवायला सांगा म्हणजे मागचं चाक आधी धरेल. मग दुकानातच टेस्ट: सायकल शेजारून ढकलत चाला, लिव्हर हळूहळू दाबा, आधी मागचं चाक जड झालं पाहिजे, मग पुढचं. पुढचं आधी धरलं तर पुन्हा सेट करून घ्या, लाजू नका, ५ वेळा करायला लावा. दोन चाकांना एकच लिव्हर म्हणजे त्याच दाबाची ताकद वाटली जाते, त्यामुळे लिव्हर थोडा जड लागतो आणि केबल नवीन, गुळगुळीत पाहिजे. एक केबल तुटली तर काय, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून दर महिन्याला केबलचे तार उसवलेत का बघायचे.

गिअर एकाच बाजूला ठेवा, पुढे एकच चकती आणि मागे ८-९ गिअर असलेली सायकल घेतली की सगळं एका अंगठ्यावर येतं. हँडल थोडं उंच आणि जवळ, म्हणजे एका हातावर अंगाचा भार पडत नाही. हात दाखवून वळणं विसरा, चालू हात हँडलवरून निघाला की सायकल कोणाच्याच ताब्यात नसते. आरसा लावा, मागे बघा, गर्दीच्या चौकात सरळ उतरून रस्ता ओलांडा. पाणी प्यायचं ते थांबून. सुरुवात रिकाम्या मैदानात, मग पहाटे, पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पहिलं वर्ष तरी नकोच. हेल्मेट सांगायला नको, पण पट्टा एका हाताने लागत नसेल तर चुंबकाचं बक्कल असलेलं मिळतं.

पोहणं

पाण्यात हाताचं वजन जाणवत नाही, खांदा सुखावतो, पण लुळा हात पाण्यात वाटेल तिकडे जातो. तो पोहण्याच्या पोशाखात खोचून किंवा पट्ट्याने मांडीच्या बाजूला ठेवून जायचं. ऑपरेशनचे टाके वाळलेले आणि जखम पूर्ण भरलेली हवी. फक्त टँक, तेही जिथे पाय टेकतात तिथे, आणि लाइफगार्डला आधी सांगून की माझा हा हात चालत नाही. विहीर, नदी, समुद्र, कितीही आधी पट्टीचे पोहणारे असाल तरी नाही. आधी पाठीवर तरंगणं आणि उभं होणं पक्कं करा, उताणं असताना पाय खाली आणून उभं राहणं एका हाताने वेगळं लागतं. मग फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) लावून नुसत्या किक, मग एका हाताचा फ्रीस्टाइल. सुरुवातीला गोल फिरल्यासारखं होतं, ते जोरात हात मारून सरळ होत नाही, कंबरेतून अंग वळवून आणि किकने होतं. श्वास दोन्ही बाजूंनी घेऊन बघा, जिकडून घेतल्यावर सरळ जाता ती तुमची बाजू.

बॅडमिंटन, टेबल टेनिस, क्रिकेट

बॅडमिंटनमध्ये दुसऱ्या हाताची खरी गरज सर्व्हिसला लागते असं लोकांना वाटतं. सर्व्हिस शिकता येते: शटल रॅकेटच्याच हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटात पिसांकडून धरायचं, सोडायचं आणि लगेच खालून हलकं मारायचं, शॉर्ट सर्व्हिस भिंतीसमोर रोज घोटली की बसते. ज्यांच्या लुळ्या हाताच्या बोटांत थोडी पकड आहे त्यांनी तिथून सोडावं. खरी अडचण स्मॅश मारताना आणि मागे पळताना येते, कारण तेव्हा दुसरा हात वर जाऊन तोल धरतो. म्हणून आधी फुटवर्क, शटलशिवाय, कोर्टच्या सहा कोपऱ्यांत जाऊन मधे परत यायचं, आणि पहिले महिने उडी मारून स्मॅश बंद. तमिळनाडूची मनीषा रामदास, जिला जन्मताच ह्याच नसांना इजा झाली, तिने पॅरिसमध्ये एसयू५ गटात (हात अधू असलेल्यांचा बॅडमिंटनचा गट) ब्राँझ घेतलं, आणि ह्या गटातली सिंगल्स पूर्ण कोर्टावर होते, अर्ध्या नाही.

टेबल टेनिसमध्ये नियमानेच सोय आहे, दिव्यांगतेमुळे नेहमीसारखा टॉस करता येत नसेल तर अंपायर सर्व्हिसचे नियम शिथिल करू शकतात, मॅचच्या आधी जाऊन त्यांना सांगायचं.

क्रिकेट टेनिस बॉलने सुरू करा. बॅट हलकी आणि एक साइज लहान, पकड हँडलच्या मधे. ड्राइव्ह, पुल मारायला नंतर बघू, आधी सरळ बॅटने डिफेन्स आणि पायाची हालचाल. बोलिंगमध्ये पुढचा हात दिशा देतो, तो नाही म्हटल्यावर लाइन भरकटते, तर धाव कमी करून दोन पावलांवरून टाका आणि समोरच्या पायाचा अंगठा स्टंपकडे ठेवा. सीझन बॉल फार पुढची गोष्ट, लुळ्या हाताला लागलेला बॉल कळत नाही, त्या हाताला गार्ड लावूनच.

ज्यांचा लिहिता-जेवता हातच गेलाय त्यांना रॅकेट दुसऱ्या हातात घ्यावी लागते. त्यांनी कोर्टवर जायच्या आधी घरात सुरुवात करावी, ब्रश, कुलूप, चमचा, भिंतीवर टेनिस बॉल. डाव्या हाताने जेवलं की पंगतीत कोणीतरी बोलतंच, बोलू द्यावं.

ट्रेकबद्दल थोडक्यात: सिंहगडची पायवाट, पक्क्या पायऱ्यांचे गड चालतील, एक काठी चांगल्या हातात. जिथे दोन हातांनी कातळ धरावा लागतो, जसं हरिश्चंद्रगडची नळीची वाट, तिथे जाऊ नये. कळसूबाईच्या शिड्या चढताना जमतात पण उतरताना हात सरकवायला तो सोडावाच लागतो, अनुभवी माणूस खाली आणि दोर असेल तरच. कबड्डी, कुस्ती मी कोणालाच सुचवणार नाही, पकडीत ओढला जाणारा पहिला भाग तोच खांदा असतो. मारामारीचा खेळ हवाच असेल तर पॅरा तायक्वांदो बघा, तिथे गुण किकचे असतात आणि डोक्यावर किक चालत नाही, पण सर्जनला विचारून.

दुखणं आणि चांगला हात

बीपीआयचं दुखणं, ती आग आणि मधूनच येणारा करंट, ज्याला होतं त्यालाच माहीत. खेळात लक्ष गुंतलं की ते मागे जातं असं आमच्यातले खूप जण सांगतात, माझंही तसंच आहे, आणि खेळ संपल्यावर तासाभरात परत येऊ शकतं, तेव्हा घाबरू नका. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, म्हणून डोस बदलला की त्या आठवड्यात सायकल आणि पोहणं बंद. गोळी मनाने सोडायची नाही.

चांगला हात दिवसभर दोघांचं काम करतो, त्यात रॅकेट. खांद्यात वर उचलताना दुखणं, कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका, रात्री बोटांना मुंग्या, ह्यातलं काहीही दोन आठवडे राहिलं तर खेळ कमी करून दाखवून या. खेळाच्या दिवशी घरातली जड कामं, पिशव्या, कुकर, दुसऱ्यांवर सोपवा. लागोपाठ दोन दिवस रॅकेट नको, मधल्या दिवशी पायांचं काम.

स्पर्धा खेळायची असेल तर

आधी यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढा, ऑनलाइन अर्ज करून सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी होते, ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती लागू. सुधारणा अजून चालू असेल तर तात्पुरतं सर्टिफिकेट देतात, ते संपायची तारीख लिहून ठेवा. पण टक्केवारी वेगळी आणि खेळाचा गट वेगळा. गट त्या त्या खेळाचं क्लासिफिकेशन पॅनेल ताकद तपासून ठरवतं, धावणं-उडीला टी४६, टी४७, फेकीला एफ४६, बॅडमिंटनला एसयू५, आणि सर्टिफिकेटवर जास्त टक्के असूनही एखाद्या खेळात गट मिळाला नाही असं होऊ शकतं. पॅनेलसमोर जाताना ती रिपोर्टची फाइल, ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि नेहमीचा पट्टा, सगळं घेऊन जा, आणि तपासताना जेवढं जमतं तेवढं पूर्ण जोर लावून करा, कमी दाखवलं तर ते त्यांच्या लक्षात येतं आणि कारवाई होते.

शेवटची गोष्ट गोळ्यांची. आमच्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी दुखण्यासाठी ट्रामाडॉल लिहून दिलेली असते, आणि १ जानेवारी २०२४ पासून ती स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. बऱ्याच पेनकिलर कॉम्बिनेशनमध्ये ती असते, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्पर्धेला नाव देतानाच सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून डॉक्टरला दाखवा आणि बदलता येत असेल तर तेव्हाच बदलून घ्या, म्हणजे नव्या गोळीची अंगाला सवय व्हायला वेळ मिळतो.